तारीख उलटलेले फ्लेअर : पेटतील का, ठेवावेत का, टाकावेत कुठे?

जुलैचा शेवटचा आठवडा आला की हा प्रश्न जेट्टीवर ठरलेला. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपायची असते, शाकारलेल्या बोटी पाण्यात उतरवायच्या असतात. इंजिन, जाळी, बर्फ, डिझेल आणि खलाशांची उचल यांत हातातला पैसा संपलेला असतो. अशा वेळी केबिनमधल्या फळीवरून फ्लेअरचा, म्हणजे संकटात मदतीचा इशारा द्यायला पेटवायच्या नळ्यांचा, डबा खाली काढावा, तर आतल्या नळ्यांवर तारीख निघते गेल्या वर्षाची. मग तीन मतं पडतात. कुणी म्हणतं, आत दारूच तर आहे, दारू काय नासते? दुसरा म्हणतो, तारीख गेली ना, दे समुद्रात फेकून. तिसरं मत सगळ्यांना आवडतं, कारण त्यात काहीच करावं लागत नाही : असू देत, अडीनडीला होतील.

पहिलं मत चूक आहे. दुसरं बेकायदा आहे आणि धोक्याचंही. तिसरं थोडंसं बरोबर आहे, पण किती, ते नीट बघायला हवं.

छोटं उत्तर आधी देतो. तारीख उलटली म्हणून फ्लेअर दुसऱ्या दिवशी मरत नाही. कोरड्या जागी जपून ठेवलेले हँड फ्लेअर (हातात धरून पेटवायचे) तारखेनंतरही बरेचदा पेटतात. फ्लेअरला मारते ती ओल. नळीच्या आत ओल शिरली आहे की नाही, हे बाहेरून ओळखण्याचा खात्रीचा मार्ग तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. म्हणून तारखेचा मान राखायचा. अमुक काळ सील टिकेल आणि माल ठरल्याप्रमाणे चालेल, एवढीच बनवणाऱ्याची हमी असते. बहुतेक मालाला ती उत्पादनापासून ३ वर्षं. त्यापुढचा जिम्मा तुमचा. तपासणीला येणारा माणूस उलटलेला नग मोजणीत धरत नाही, तेव्हा कागदावर तो बोटीत नसल्यासारखाच.

आत काय होतं

लाल फ्लेअरमध्ये मुख्यतः मॅग्नेशियमची पूड आणि स्ट्रॉन्शियम नायट्रेट असतं. डोळे दिपवणारा प्रकाश मॅग्नेशियमचा, लाल रंग स्ट्रॉन्शियमचा. या जोडीला दमट हवा मानवत नाही. नायट्रेट ओलावा ओढून घेतं. मॅग्नेशियमची पाण्याशी सावकाश क्रिया होते, कणांवर हायड्रॉक्साइडचा पांढरा थर धरतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. थर धरलेली पूड नीट पेटत नाही. पेटली तरी प्रकाश कमी, जळणं अडखळत.

इथे हमखास एक शंका येते. हँड फ्लेअर पाण्यात बुडवला तरी विझत नाही, मग दमट हवेने तो कसा बिघडेल? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो, म्हणून एकदा पेटला की पाणी त्याला आवरू शकत नाही. सगळा नाजूकपणा पेटण्याच्या क्षणात आहे. दोरी ओढल्यावर किंवा टोपी घासल्यावर ठिणगी पडायला हवी, तिने आधी सुरुवातीचा पातळ थर पेटायला हवा आणि मग मुख्य मसाला. ओल पहिल्यांदा गाठते ती याच टोकाला, कारण सील तिथेच असतं.

‘आम्ही जुना पेटवून बघितला, मस्त पेटला’ असं सांगणारे भेटतात, त्यांनाही एक सांगायचं आहे. जहाजांवरच्या जीवरक्षक साधनांच्या आंतरराष्ट्रीय एलएसए संहितेप्रमाणे हँड फ्लेअर किमान १५,००० कँडेला (कँडेला म्हणजे प्रकाशाच्या तेजाचं माप) तेजाने किमान १ मिनिट जळला पाहिजे आणि १०० मिलिमीटर पाण्याखाली १० सेकंद धरला तरी जळत राहिला पाहिजे. जेट्टीवर उभं राहून कुणी तेज मोजत नाही, घड्याळही लावत नाही. अर्धाच वेळ आणि अर्ध्याच तेजाने जळलेला फ्लेअर बघणाऱ्याला ‘मस्त’च वाटतो. शिवाय जो पेटवला तो संपला. डब्यात उरलेल्यांबद्दल त्याने काहीच सांगितलेलं नाही. आणि संकट नसताना संकटाचा लाल दिवा पेटवायला आंतरराष्ट्रीय नियमांची मनाई आहे. दूरवरून कुणी तो पाहिला, तर तटरक्षक दलाची बोट तुमच्या प्रयोगासाठी बाहेर पडेल.

लक्षणं आणि त्यांचे अर्थ

*दोरी ओढली, हातात आली, पुढे काहीच नाही.* दोरी कुजलेली असते, कडी गंजलेली असते किंवा आतली घासपट्टी ओली झालेली असते. आपल्याकडे ही तक्रार सगळ्यात जास्त. डबा केबिनच्या दाराजवळ उघडा पडतो, पाण्याचे शिंतोडे येतात, मीठ वाळतं, पुन्हा ओलं होतं. अशा वेळी नळीत डोकावून बघायचं नाही. तोंड बाहेरच्या बाजूला, वाऱ्याच्या उतारावर (वारा जिकडे जातो तिकडे) धरून किमान अर्धा मिनिट तसंच थांबायचं, कारण कधी कधी मसाला उशिरा धरतो. बोट खरंच संकटात असेल तर त्यानंतर तो नग पाण्यात सोडायचा आणि दुसरा घ्यायचा. तोच पुन्हा पेटवण्याच्या खटपटीत माणसं हात भाजून घेतात.

*पेटला, पण फटफट करत निखारे उडाले.* दाबून बसवलेल्या मसाल्याला तडे गेलेले असतात. डबा वर्षानुवर्षं इंजिनच्या भिंतीला खेटून ठेवला की हादऱ्यांनी हे होऊ शकतं. तड्यात आग शिरली की एकदम जास्त मसाला पेटतो.

*नळी फुगली आहे, टोपण वर उचललं आहे, टोकाला पांढरी पूड दिसते.* हा नग संपला असं धरा. टोपण काढू नका, पुसू नका, खरवडू नका. उन्हापासून आणि माणसांपासून दूर, एकटा ठेवा आणि विल्हेवाटीचं खाली लिहिलं आहे तसं करा.

*टोपण निघतच नाही.* मीठ धरलेलं असतं किंवा प्लास्टिक कडक झालेलं असतं. पक्कड लावून ओढणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका करू. तारीख शिल्लक असली तरी असा नग बदलूनच घ्या.

*वरची अक्षरं आणि चित्रं गेली आहेत.* याला कुणी बिघाड मानत नाही. मी मानतो, आणि मोठा मानतो. पेटवायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी. कुणाची दोरी ओढायची, कुणाचा तळ फिरवायचा, कुणाची टोपी काढून घासायची. कुठल्या नळीचं कुठलं टोक पेटतं तेही वेगळं. म्हणून तर संहितेने नळीवर सूचना किंवा चित्रं छापणं सक्तीचं केलं आहे. डिझेलच्या हातांनी ती पुसली जातात, उन्हाने उडतात. अंधारात, हलत्या फळीवर, पाणी शिरत असताना नवशिक्या खलाशाच्या हाती बिनअक्षरांची नळी आली तर तो ती उलटी धरण्याची शक्यता बरीच. त्यातून एकाच डब्यात तीन कंपन्यांचा माल असेल तर बघायलाच नको. सगळा संच एकाच बनावटीचा घ्या. थोडा महाग पडला तरी चालेल.

धुराचे डबे वेगळ्या जातीचे. नारिंगी धूर देणाऱ्या डब्यात रंगद्रव्य, क्लोरेट आणि साखरेसारखं इंधन मंद जळत असतं. नव्या डब्याने शांत पाण्यावर किमान ३ मिनिटं ज्वाला न काढता धूर द्यायला हवा. ओल धरून गोळा झालेल्या मसाल्यावर मात्र हा भरवसा नको. पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन असलेल्या छोट्या बोटीवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

रॉकेटचा हिशेब निराळा

हँड फ्लेअर आणि पॅराशूट रॉकेट यांना एकच नियम लावणं मला मान्य नाही. हँड फ्लेअरमध्ये दोनच टप्पे आहेत : ठिणगी आणि जळणं. रॉकेटमध्ये आधी चाप, मग वर नेणारी मोटर, मग वर पोचेपर्यंतचा विलंब, मग पोटातला फ्लेअर बाहेर फेकणारा छोटा स्फोट, त्याच वेळी तो पेटणं आणि शेवटी पॅराशूट उघडणं. टप्पे पाचच धरू. जुन्या मालात प्रत्येक टप्पा १०० पैकी ९५ वेळा बरोबर होतो असं मानलं, तरी पाचही बरोबर होण्याची शक्यता १०० पैकी ७७ वर येते. आणि रॉकेट बिघडतं तेव्हा नुसतं गप्प बसत नाही. मोटरच्या दारूला तडा असेल तर नळी हातातच फुटू शकते, किंवा रॉकेट तिरकं जाऊन शेजारच्या बोटीवर पेटतं.

नवं रॉकेट मात्र मोठं काम करतं. किमान ३०० मीटर उंची, ३०,००० कँडेला, ४० सेकंद. खाली येण्याचा वेग सेकंदाला ५ मीटरपेक्षा जास्त नसावा, म्हणजे ४० सेकंदांत फार तर २०० मीटर उतरेल आणि विझताना अजून १०० मीटर वर असेल. ३०० मीटरवरचा दिवा स्वच्छ हवेत पाण्याच्या पातळीवरून ६० किलोमीटरच्या आसपास क्षितिजाच्या वर राहतो. हातात धरलेल्या फ्लेअरला ही मजल नाही. ट्रॉलरच्या डेकवर तो समुद्रापासून जेमतेम ३ मीटर उंच, बघणाराही तेवढाच उंच, म्हणजे हिशेबाने १२ किलोमीटर आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी.

यातूनच दुसरी नेहमीची तक्रार निघते : ‘सगळे पेटले, पण कुणी आलंच नाही.’ ऑगस्टच्या सुरुवातीला ढग इतके खाली असतात की सरळ वर सोडलेलं रॉकेट ढगात शिरून तिथेच जळून जातं. अशा दिवशी ते वाऱ्याच्या उताराकडे, साधारण ४५ अंशांत तिरकं सोडायचं, म्हणजे ढगाखाली राहतं. एरवी जोराच्या वाऱ्यात रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं, म्हणून थोडं वाऱ्याच्या उताराकडे झुकवून धरायचं. एकामागून एक दोन सोडावीत. पहिल्याने बघणाऱ्याचं लक्ष जातं, दुसऱ्याने त्याला दिशा पक्की करता येते. आणि हेलिकॉप्टरचा आवाज आला की रॉकेट खाली ठेवा, हँड फ्लेअर किंवा दिवसा धूर वापरा.

सगळ्यात मोठी चूक घाईची असते. बोट बंद पडली, पाणी शिरलं की पहिल्या दहा मिनिटांत सगळा डबा रिकामा करतात, समोर एकही दिवा दिसत नसताना. आधी व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर ‘मेडे’ ही संकटाची हाक, मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, बोटीत इस्रोने तयार केलेलं डॅट यंत्र किंवा ईपर्ब (दोन्ही उपग्रहामार्फत संकटाचा इशारा पाठवतात) असेल तर त्याचं बटण. तुम्ही साधारण कुठे आहात ते यांनी कळतं. शोधायला आलेल्याला शेवटच्या दोन-चार मैलांत नेमकी बोट दाखवणं हे फ्लेअरचं काम. जहाजाचा दिवा दिसला किंवा इंजिनचा आवाज आला की मगच हँड फ्लेअर. तो बोटीच्या बाहेर, वाऱ्याच्या उतारावर, हात लांब करून थोडा तिरका धरायचा, म्हणजे वितळलेला माल हातावर किंवा जीवरक्षक तराफ्यावर (लाइफराफ्टवर) ठिबकत नाही. त्याच्याकडे टक लावून पाहू नका, नंतर बराच वेळ अंधारात काही दिसत नाही.

एलईडीचे एसओएस दिवे आता मिळतात. तासन्‌तास चालतात, हात भाजत नाही. अमेरिकेत मनोरंजनाच्या छोट्या बोटींना रात्रीसाठी असे मान्यताप्राप्त दिवे चालतात. जोडीला जरूर ठेवा. मोठ्या जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय ‘सोलास’ नियमांत मात्र ते फ्लेअरच्या जागी चालत नाहीत, आणि दुपारच्या उन्हात त्यांचा फारसा उपयोगही नाही.

ठेवायचे कुठे

कोकणच्या हवेत खरी लढाई इथे आहे. पत्र्याच्या केबिनमध्ये मे महिन्याच्या दुपारी डबा तापतो, आतली हवा फुगून झाकणाच्या फटीतून बाहेर पडते. रात्री गार झालं की तोच डबा बाहेरची दमट हवा आत ओढून घेतो. असं रोज. डबा कधीच भिजलेला नसताना आतले नग ओलसर का निघतात, याचं हेच कारण. म्हणून नुसता झाकणाचा डबा पुरत नाही. रबरी वॉशरचं, आटे असलेलं, रुंद तोंडाचं झाकण हवं. वॉशर दर मोसमाला बघायचा, चिरला असेल तर बदलायचा. आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, पण एकदा टाकून विसरायच्या नाहीत, कारण भरल्या की त्या काम थांबवतात. रंग बदलणारी जेल घेतलीत तर बघताक्षणी कळतं.

जागा म्हणाल तर सावलीची, इंजिनपासून दूर, केबिनच्या दारातून हात पोचेल अशी. मासे ठेवायच्या खणात नको, बॅटरीच्या पेटीजवळ नको, रंग आणि थिनरच्या डब्यांबरोबर नको. कुलूप तर नकोच. पोरं हात लावतात म्हणून कुलूप घालणारे नाखवे मला माहीत आहेत. किल्ली तांडेलाच्या खिशात आणि तांडेल पाण्यात, तर काय करणार? डब्यात एक जाड चामडी हातमोजा आणि एक टॉर्च ठेवा. नव्या मोसमाच्या पहिल्या फेरीआधी सगळ्या खलाशांना दिवसाउजेडी नळी हातात देऊन चित्रं दाखवा. पेटवायची नाही, फक्त धरायची कशी आणि टोपण कुठलं, एवढंच. जुनी नळी ‘सरावाला’ देऊ नका.

बंदीच्या काळात बोट वर काढली की डबाही घरी येतो आणि माळ्यावर कौलाखाली किंवा पत्र्याखाली जातो. त्यापेक्षा खालच्या खोलीतलं गार, कोरडं कपाट बरं. स्वयंपाकघर, देवघर आणि मुलांचा हात यांपासून मात्र लांब.

खरेदीची एक युक्ती आहे, ती फारसं कुणी करत नाही. दुकानात फक्त ‘संपण्याची तारीख पुढची आहे ना’ एवढं बघतात. उत्पादनाचा महिना बघा. एप्रिल २०२५ चा माल एप्रिल २०२८ ला संपतो, म्हणजे तिसरा मोसम ३१ मेला संपायच्या आधीच तो उलटतो. तोच माल जून-जुलैचा असेल तर तीन मोसम पुरे पडतात. ऑर्डर देतानाच महिना सांगून ठेवा. सवलतीत मिळणाऱ्या नगांचं एखादं वर्ष बहुधा दुकानातच गेलेलं असतं.

जुन्यांचं काय करायचं

माझं मत स्पष्ट आहे. तारीख उलटलेलं रॉकेट आणि धुराचा डबा बोटीवरून उतरवा. हँड फ्लेअर कोरडे, सीलबंद आणि वाचता येण्याजोगे असतील, तर फक्त नुकत्याच उलटलेल्या संचातले, एखाद्या मोसमापुरते, वेगळ्या पिशवीत ‘जुने’ असं ठळक लिहून ठेवायला माझी हरकत नाही. त्यांची पाळी नवे संपल्यावर. ज्यांना एवढी शिस्त पाळणं जमणार नाही, त्यांनी सगळेच उतरवावेत. जुने-नवे एका डब्यात मिसळले की अंधारात पहिला हात जुन्यावरच पडतो. आणि ‘अडीनडीला’ म्हणून साठवत गेलं की चार मोसमांत बोटीवर नव्यापेक्षा जुनाच दारूगोळा जास्त होतो. बोटीला आग लागली तर तो सगळा तिथेच आहे.

उतरवलेले टाकायचे कुठे, हा खरा कटकटीचा भाग. समुद्रात नाही, खाडीत नाही, उकिरड्यावर नाही, खड्डा खणून पुरायचेही नाहीत. पाण्यात टाकलेली नळी वाहत किनाऱ्याला लागते आणि ती शाळकरी मुलांना सापडते. पाण्यात भिजत घालून ‘मारण्याचा’ घरगुती उपायही नको. मॅग्नेशियम आणि पाणी यांचं काय होतं ते वर लिहिलंच आहे, आणि वाळल्यावर त्या मसाल्याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही.

सोपी वाट म्हणजे नवे घेतानाच विक्रेत्याला किंवा लाइफराफ्टची सर्व्हिसिंग करणाऱ्याला विचारणं : जुने परत घ्याल का? दुकान निवडताना हाच प्रश्न आधी विचारा आणि घेणाऱ्याकडूनच खरेदी करा. एकट्याने विचारून दाद लागत नसेल तर मच्छीमार सोसायटीने सगळ्या बोटींचे मिळून एकदम बोलावं. तेही नाही झालं तर जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा तटरक्षक दलाच्या स्टेशनला फोन करा, काय आहे, किती आहे, कुठे आहे ते सांगा आणि ते म्हणतील तसं करा. पिशवीत भरून थेट ठाण्यात नेऊ नका. १८८४ च्या स्फोटक कायद्याच्या व्याख्येत असा माल येतो. त्याचं नियमन करणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे.

मर्चंट नेव्हीतल्या पोरांसाठी एक वेगळी ओळ. जहाजाच्या ब्रिजवर (जहाज चालवायच्या कक्षात) किमान १२ पॅराशूट रॉकेटं ठेवावीच लागतात, तारीख आली की सगळी एकदम बदलतात आणि जुन्यांतलं एखादं घरी ‘आठवण’ म्हणून आणायचा मोह होतो. विमानात, हातातल्या किंवा सामानातल्या कुठल्याच बॅगेत ते चालत नाही. रेल्वेत, एसटीत, कुरिअरनेही नाही.

आणि दिवाळीला किंवा ३१ डिसेंबरला जुनी रॉकेटं उडवण्याबद्दल. १७ नोव्हेंबर १९९३ ला कार्डिफच्या स्टेडियममध्ये वेल्स-रोमानिया फुटबॉल सामना संपताना प्रेक्षकांतून कुणीतरी बोटीवरचं रॉकेट आडवं सोडलं. ते मैदान ओलांडून पलीकडच्या स्टँडमध्ये बसलेल्या प्रेक्षकाला लागलं आणि तो दगावला. फटाक्याचं रॉकेट आणि हे, यांत ताकदीचा फरक किती आहे ते यावरून समजावं. शिवाय हे वर जाऊन विझत नाही, ४० सेकंद पेटतं राहतं. वाऱ्याने जमिनीकडे वळलं तर वाळलेल्या गवतावर, झावळ्यांच्या शाकारणीवर, नाहीतर जाळ्यांच्या ढिगावर उतरतं.

किनाऱ्यावर वाहून आलेली अनोळखी नळी दिसली, तारीख वाचता येवो न येवो, तर हात लावू नका. कुत्री, मुलं आणि सेल्फीवाले लांब ठेवा आणि ११२ ला कळवा. मसाला अर्धा जळलेला असू शकतो. काही लष्करी खुणेच्या नळ्यांत फॉस्फरसची संयुगं असतात, ती ओली-सुकी होताना आपोआपही पेट घेतात.